आल्प्समध्ये नेमकं कुठे जायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आल्प्स म्हणजे स्वित्झर्लंडच ना?

स्वित्झर्लंड हा त्यातला एक भाग. आल्प्सची रांग सुमारे १२०० किलोमीटर लांब आहे आणि ती फ्रान्स, मोनॅको, इटली, स्वित्झर्लंड, लिक्टेनस्टाइन, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनिया अशा आठ देशांत पसरली आहे. सगळ्यात उंच शिखर माँ ब्लाँ (सुमारे ४८०६ मीटर) फ्रान्स-इटलीच्या सीमेवर आहे. आपल्याकडच्या बहुतेक ग्रुप टूर ल्युसर्न आणि इंटरलाकेनभोवती फिरतात, त्यामुळे आल्प्स म्हटलं की तेवढंच डोळ्यांपुढे येतं. ते सुंदर आहेच, पण इटलीतले डोलोमाइट्स किंवा स्लोव्हेनियातलं सोचा नदीचं खोरं बघितलेला माणूस पुढच्या वेळी तिकडेच जायचं म्हणतो.

दहा-बारा दिवस आहेत. किती ठिकाणं धरावीत?

तीन मुक्काम. चौथा घालायचा मोह आवरा.

यामागचं मुख्य कारण म्हणजे हवामान. डोंगरात एखादा दिवस पूर्ण ढगात जाणं अगदी नेहमीचं. तुम्ही एका ठिकाणी एकच रात्र राहिलात आणि नेमका तोच दिवस ढगाळ निघाला, तर मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याशी जाऊनही मॅटरहॉर्न न बघता परत याल. तीन-चार रात्री असतील तर त्यातला सगळ्यात स्वच्छ दिवस वरच्या डोंगरासाठी राखता येतो आणि बाकीचे दिवस खाली गावात, तळ्यावर, धबधब्यांकडे घालवता येतात. दुसरं म्हणजे प्रत्येक मुक्काम बदलताना अर्धा दिवस जातोच. बॅगा भरा, चेक-आउट करा, गाड्या बदला, नव्या हॉटेलची खोली मिळेपर्यंत थांबा. घरची मंडळी पाच-सहा असतील तर अर्ध्याचा पाऊण दिवस होतो.

म्हणून यादी करताना शिखरांची आणि ‘पॉइंट’ची करू नका. आधी खोरं निवडा. शिखरं त्या खोऱ्याबरोबर आपोआप येतात.

खोरं निवडताना काय बघायचं?

पहिली गोष्ट, गावातून वर जायला किती वाटा आहेत. एकच केबलकार असेल आणि ती वाऱ्यामुळे बंद पडली तर दिवस फुकट. ग्रिंडेलवाल्ड आणि झरमॅट (स्वित्झर्लंड), शामोनी (फ्रान्स), ओर्तिसेई (इटली) अशा गावांतून तीन-चार दिशांना वर जाता येतं. दुसरी गोष्ट, पावसात करण्यासारखं काही आहे का. तिसरी, स्टेशन किंवा बसथांबा हॉटेलपासून किती लांब आहे. नकाशावर ४०० मीटर दिसणारं अंतर डोंगरातल्या गावात चढाचं असू शकतं आणि हातात बॅगा असतात.

अनेक गावांत मुक्काम केलेल्या पाहुण्यांना गेस्ट कार्ड मिळतं आणि त्यावर स्थानिक बस फुकट असते. हॉटेल बुक करताना हे विचारून घ्या, खर्चात बराच फरक पडतो.

पहिल्यांदाच चाललोय. एकच खोरं सांगा.

लाउटरब्रुनेन, स्वित्झर्लंड.

हिमयुगात हिमनदीने कोरून काढलेलं हे खोरं. तळ सपाट आणि दोन्ही बाजूंना ताठ उभे कडे. गावाच्या मागेच श्टाउबबाख धबधबा २९७ मीटर उंचीवरून सरळ सुटतो आणि वारा असेल तर खाली पोचेपर्यंत त्याचं पाणी भुरभुर होऊन उडून जातं. इथून बसने दहा मिनिटांवर ट्र्युमेलबाख आहे. आयगर, म्योंश आणि युंगफ्राउ या तीन शिखरांवरच्या हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या पोटातून दहा टप्प्यांत कोसळतं आणि आपण लिफ्टने आत जाऊन ते बघतो. आत खडक थरथरतो, बोललेलं ऐकू येत नाही, अंगावर गार तुषार येतात. पावसाळी दिवशी तर हे आणखी छान.

पण मुक्काम शक्यतो खाली करू नका, वर करा. खोऱ्याच्या एका बाजूला वेंगेन आणि समोरच्या बाजूला म्युरेन, दोन्ही गावांत बाहेरच्या मोटारींना बंदी. म्युरेन १६३८ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याइतकं. तिथल्या बाल्कनीतून ते तीन डोंगर थेट समोर दिसतात. ग्र्युचआल्प ते म्युरेन ही छोट्या रेल्वेच्या कडेने जाणारी वाट जवळजवळ सपाट आहे, सव्वा तासाची. वेंगेनच्या बाजूने मेन्लिखेन ते क्लायनं शायडेक ही दीड तासाची वाट, तीही हलक्या उताराची. आल्प्समध्ये इतक्या कमी श्रमात इतकं भव्य दिसणाऱ्या वाटा थोड्याच आहेत. कुठलंही मोठं तिकीट काढण्याआधी या दोनपैकी एक वाट चालाच.

युंगफ्राउयोख, टिटलिस, गोर्नरग्राट, एग्वी द्यू मिदी. रेल्वे-केबलकारने जाता येणाऱ्या या चारही उंच ठिकाणी जावं का?

एकच निवडा. बर्फाळ उंचीवरचा पहिला अनुभव थरारक असतो, दुसऱ्या वेळी तेच पैसे जास्त वाटतात.

युंगफ्राउयोखचं स्टेशन ३४५४ मीटरवर आहे. आयगर आणि म्योंशच्या पोटातून बोगदा खोदून ही रेल्वे १९१२ मध्ये वर पोचली. कारागिरी म्हणून हे काम नतमस्तक व्हावं असं आहे, आणि वरून आल्प्समधली सगळ्यात लांब हिमनदी, आलेच, समोर पसरलेली दिसते. मात्र शेवटचा प्रवास बोगद्यातला, आणि सवलत नसेल तर माणशी तिकीट २०० फ्रँकच्या वर जातं. वर भारतीय जेवण मिळतं, हे घरातल्या ज्येष्ठांना आधी सांगून ठेवा, त्यांची एक काळजी मिटते.

गोर्नरग्राटला (३०८९ मीटर) झरमॅटहून दातेरी रुळांची रेल्वे जाते, १८९८ पासून. जवळजवळ सगळा प्रवास उघड्यावर, त्यामुळे तेहतीस मिनिटं खिडकीतून मॅटरहॉर्न बाजू बदलत दिसत राहतो. उतरताना रोटनबोडेन स्टेशनवर उतरून पाच-दहा मिनिटं खाली चाललं की रिफेलझे तळं. सकाळी वारा नसेल तर मॅटरहॉर्नचं अख्खं प्रतिबिंब त्यात मिळतं. मला विचाराल तर चारांतलं माझं मत यालाच.

टिटलिस ल्युसर्नहून जवळ आहे, गोल फिरणाऱ्या केबलकारमधून थोड्या वेळात बर्फात नेतो. वेळ फारच कमी असेल तर ठीक. एग्वी द्यू मिदी (३८४२ मीटर) सगळ्यात रौद्र. शामोनी गाव १०३५ मीटरवर आहे आणि केबलकार दोन टप्प्यांत वीसेक मिनिटांत तुम्हाला २८०० मीटर वर नेऊन ठेवते. उंचीची भीती असलेल्यांसाठी ही जागा नाही.

इतक्या उंचीवर त्रास होतो का?

काहींना होतो. युंगफ्राउयोख जवळपास लेहच्या उंचीवर आहे आणि तिथे आपण दोन तासांत पोचतो, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. डोकं जड होणं, धाप लागणं, मळमळ हे नेहमीचं. सावकाश चाला, पाणी प्या, तास-दोन तासांत खाली या. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल, घरात कुणी गरोदर असेल किंवा फार लहान बाळ असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी वर जाऊ नका, झोप नीट झालेली नसते.

मे महिन्याच्या सुट्टीत जावं की दिवाळीच्या?

आपल्या शाळांच्या सुट्ट्या आणि आल्प्सचा हंगाम यांचा मेळ बसत नाही, आणि सहल फसण्याचं हे मोठं कारण आहे. एजंट हे क्वचितच स्पष्ट सांगतात.

मे महिन्यात खालची खोरी हिरवीगार असतात, कुरणांत फुलं येतात, बर्फ वितळत असल्यामुळे धबधबे भरात असतात. लाउटरब्रुनेन, ल्युसर्नचं तळं, स्लोव्हेनियातलं ब्लेडचं तळं यांसाठी मे चांगला. पण १८००-२००० मीटरच्या वरच्या पायवाटांवर अजून बर्फ असतो, बऱ्याच केबलकार हिवाळा आणि उन्हाळा यांच्या मधल्या देखभालीसाठी बंद असतात, बहुतेक उंच घाट उघडलेले नसतात. मेच्या तिकिटांवर डोलोमाइट्सची योजना आखू नका. तिथल्या केबलकार बहुतेक जूनच्या मध्याकडे सुरू होतात.

दिवाळी ऑक्टोबर-अखेर किंवा नोव्हेंबरात आली तर आणखी कठीण. नोव्हेंबर हा आल्प्सचा सगळ्यात निर्जीव महिना. हॉटेलं बंद, केबलकार बंद, दिवस लहान, कुरणं तपकिरी. ग्लेशियर एक्स्प्रेस ही पर्यटकांची रेल्वेगाडीही ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत धावत नाही. याउलट ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जमलं तर सोनं! स्वित्झर्लंडमधल्या एंगाडिन खोऱ्यातली लार्चची झाडं तेव्हा पिवळी होऊ लागतात. सूचिपर्णी असूनही लार्चची पानं शरद ऋतूत गळतात, त्याआधीचा हा रंग.

मुलांच्या शाळेची अडचण नसेल तर सप्टेंबर. हवा स्थिर, गर्दी ओसरलेली, वाटा कोरड्या. जुलै-ऑगस्टमध्ये सगळं उघडं असतं, पण दुपारनंतर गडगडाटी वादळं येतात. तेव्हा सकाळी लवकर वर जाऊन दुपारपर्यंत खाली यायची सवय ठेवा.

ग्लेशियर एक्स्प्रेस घ्यावी की बर्निना?

बर्निना.

ग्लेशियर एक्स्प्रेस झरमॅट ते सेंट मॉरिट्झ सुमारे आठ तास घेते, २९१ पूल आणि ९१ बोगदे ओलांडते. आरामाची गाडी आहे, जेवण जागेवर येतं. पण आठ तास बंद काचेआड बसायचं, आणि त्यात मधले काही तास दृश्य बेताचंच.

बर्निनाची गंमत वेगळी. सेंट मॉरिट्झहून इटलीतल्या तिरानोला अडीच तासांत ती हिमनद्यांपासून ताडाच्या झाडांपर्यंत नेते. ओस्पित्सिओ बेर्निना स्टेशन २२५३ मीटरवर आणि तिरानो ४२९ मीटरवर. एवढा उतार ही गाडी दातेरी रुळांशिवाय उतरते. आल्प ग्र्युमला समोर पाल्यु हिमनदी, मग रूळ नागमोडी वळत वळत पोस्कियावोच्या खोऱ्यात उतरतात आणि ब्रुसिओला एका गोल कमानी पुलावर गाडी स्वतःभोवती वळसा घालते. खिडकीतून आपलाच पुढचा डबा पुलाखालून जाताना दिसतो. २००८ मध्ये आल्बुला आणि बर्निना हे मार्ग जागतिक वारशाच्या यादीत आले.

पैसे वाचवायचे असतील तर ‘एक्स्प्रेस’च्या मागे लागू नका. त्याच रुळांवरून साधी प्रादेशिक गाडी जाते. तिला आरक्षण लागत नाही, अनेक डब्यांत खिडक्या उघडतात, म्हणून फोटोत काचेची चमक येत नाही. शिवाय वाटेत उतरून पुढची गाडी पकडता येते. आल्प ग्र्युमला उतराच.

स्विस ट्रॅव्हल पास घेतला की सगळं फुकट होतं का?

ट्रेन, बस, बोट बहुतेक सगळं त्यात येतं, बर्निनाचा तिरानोपर्यंतचा प्रवासही. डोंगरांवरच्या रेल्वे आणि केबलकार मात्र वेगळ्या. ल्युसर्नजवळचा रिगी डोंगर त्यात पूर्ण येतो, गोर्नरग्राटला साधारण अर्धी सवलत, युंगफ्राउयोखच्या वरच्या टप्प्याला फक्त पाव. सोळा वर्षांखालची मुलं पासधारक पालकांबरोबर फुकट फिरतात, त्यासाठीचं फॅमिली कार्ड मागून घ्या. एकाच खोऱ्यात राहणार असाल तर तिथला स्थानिक पास स्वस्त पडतो का, तेही ताडून बघा.

डोलोमाइट्सबद्दल फार ऐकतोय. खरंच इतके वेगळे आहेत?

हो, आणि इथे मला हात आखडता घेता येत नाही.

आपला सह्याद्री लाव्ह्याचा, काळ्या बेसॉल्टचा. डोलोमाइट्स याच्या अगदी उलट. वीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या उबदार उथळ समुद्राच्या तळाचा आणि प्रवाळांचा हा फिकट दगड, जो पुढे उचलला जाऊन सुळक्यांच्या रांगा झाला. खाली मऊ हिरवी कुरणं आणि त्यांतून एकदम वर आलेल्या भिंती. सूर्य मावळताना हा दगड आधी केशरी, मग गुलाबी, मग जांभळट होतो. स्थानिक लोक याला एनरोसादिरा म्हणतात. त्यासाठी संध्याकाळी खोऱ्यातच मुक्कामाला असायला हवं, दिवसाच्या सहलीवाल्यांना ते मिळत नाही.

सगळ्यात प्रसिद्ध वाट म्हणजे त्रे चिमे दि लावारेदो या तीन सुळक्यांची प्रदक्षिणा, सुमारे १० किलोमीटर. औरोन्झो विश्रामगृहापासून (२३३३ मीटर) रुंद सपाट वाटेने निघालं की पहिला अर्धा-पाऊण तास सुळके डोक्यावर असतात, पण ओळखीचा आकार कुठेच दिसत नाही. मग लावारेदोच्या खिंडीपर्यंत एक छोटा दमवणारा चढ, आणि खिंडीत पोचताच तिन्ही सुळके एका रांगेत उलगडतात. तेवढ्यावर परतलात तरी चालेल. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया आणि इटलीची आघाडी या डोंगरांतून गेली होती. जवळच्या मोंते पातेर्नोच्या पोटात सैनिकांनी खोदलेले बोगदे अजून आहेत.

मुक्कामासाठी ओर्तिसेई उत्तम. तिथून केबलकारने आल्पे दि सिउसीवर जाता येतं. युरोपातलं हे सगळ्यात मोठं उंचावरचं कुरण, जवळपास ५६ चौरस किलोमीटर. वाटा सौम्य, वयस्कर माणसंही आरामात चालतात. दुसऱ्या बाजूला सेचेडाचा तिरका कडा.

इथे गावांना दोन-तीन नावं असतात. ओर्तिसेई म्हणजेच जर्मनमध्ये सांक्ट उलरिख आणि तिथल्या स्थानिक लादिन भाषेत उर्तियेई. पहिल्या महायुद्धापर्यंत हा भाग ऑस्ट्रियाकडे होता. बसच्या पाटीवर वेगळं नाव दिसलं म्हणून चुकलो असं समजू नका. डोलोमाइट्सच्या आत रेल्वे जवळपास नाही, बस किंवा गाडी हाच पर्याय. ब्राइएस तळ्याला ऐन उन्हाळ्यात आधी आरक्षण केल्याशिवाय गाडी नेता येत नाही आणि त्रे चिमेच्या टोल रस्त्यालाही आता आधी बुकिंग लागतं.

गाडी चालवायची हौस आहे. एखादा घाट सांगा.

ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनर मार्ग. १९३५ मध्ये खुला झालेला, ४८ किलोमीटरचा, ३६ मोठी वळणं असलेला टोल रस्ता. साधारण मेच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत उघडा, रात्री बंद. वाटेत ३७९८ मीटर उंच ग्रोसग्लॉकनर आणि त्याच्या पायाशी पास्टर्त्झ हिमनदी. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहू नका, गिअर खालचा ठेवा, आपल्या घाटांत करतो तसंच. आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि स्लोव्हेनियाच्या महामार्गांवर व्हिनेट (टोल भरल्याचं स्टिकर) घ्यावं लागतं, नसेल तर दंड मोठा असतो.

फक्त स्वित्झर्लंड करणार असाल तर गाडीची गरजच नाही.

स्वित्झर्लंड परवडत नाही. तसंच सौंदर्य कुठे?

स्लोव्हेनिया. ब्लेडचं तळं ल्युब्लियानाहून तासाभरावर, मधल्या बेटावरच्या चर्चकडे नाव जाते आणि वर चढायला ९९ पायऱ्या. ब्लेड अर्ध्या दिवसात होतं. राहायला त्याच्यापुढचं बोहिन्य तळं धरा, जास्त मोठं, जास्त शांत, तिन्ही बाजूंनी डोंगर. मग व्रशिचची १६११ मीटर उंचीची खिंड, ५० वळणांची. हा रस्ता पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला गेला. हिमलोटात गेलेल्यांच्या स्मरणार्थ वाटेत लाकडी चॅपेल आहे, तिथे दोन मिनिटं थांबा. पलीकडे उतरलं की सोचा नदी. पाण्याचा तो पाचूसारखा रंग फोटोत भडक केलेला वाटतो, प्रत्यक्षात तो तसाच आहे.

आई-बाबांना गुडघ्याचा त्रास आहे.

मग शिखरांपेक्षा तळी आणि रेल्वे. ल्युसर्नहून बोटीने फित्स्नाउ, तिथून १८७१ पासून चालणारी युरोपातली पहिली दातेरी रेल्वे रिगीवर, असा दिवस जवळजवळ न चालता होतो. जर्मनीत कोनिगझेवर १९०९ पासून विजेवरच्या बोटी चालतात. इंजिनाचा आवाज नाही, मधे नावाडी बोट थांबवून तुतारीसारखं वाद्य वाजवतो आणि कड्यावरून प्रतिध्वनी येतो. वर सांगितलेलं आल्पे दि सिउसीही त्यांच्यासाठी योग्य.

सह्याद्रीत ट्रेक करतो. तिथे वाटाड्या लागेल का?

खुणा असलेल्या वाटांवर लागत नाही. स्वित्झर्लंडमध्ये पिवळी पाटी म्हणजे सोपी वाट, पांढरी-लाल-पांढरी म्हणजे डोंगरी वाट, पांढरी-निळी-पांढरी म्हणजे अनुभवी लोकांसाठी. पाटीवर वेळ लिहिलेली असते, त्यात विश्रांती धरलेली नसते. कुरणांत वासरं असलेल्या गायींपासून लांब राहा, आपल्या गायींइतक्या त्या निवांत नसतात. हिमनदीवर वाटाड्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली भेगा असतात. अडचणीत ११२ हा आणीबाणीचा नंबर लावा.

हिमनद्या वितळतायत म्हणतात. अजून बघण्यासारखं उरलंय का?

उरलंय, पण झपाट्याने कमी होतंय आणि ते बघून वाईट वाटतं. शामोनीची मेर द ग्लास हिमनदी इतकी खचली की २०२४ मध्ये नवी केबलकार येईपर्यंत स्टेशनच्या पातळीपासून बर्फापर्यंत उतरायला शेकडो पायऱ्या झाल्या होत्या आणि कोणत्या वर्षी बर्फ कुठवर होता याच्या पाट्या त्या वाटेवर लावल्या होत्या. मुलांना हे जरूर दाखवा. अजूनही भव्य हिमनदी बघायची असेल तर आलेच, आणि ती युंगफ्राउयोखपेक्षा बेटमरहॉर्न किंवा एगिसहॉर्नवरून बघा. तिथून तिचं वळण आणि मधले काळे पट्टे पूर्ण दिसतात.

व्हिसा कोणत्या देशाचा काढायचा?

जिथे सगळ्यात जास्त रात्री, त्या देशाचा शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा). रात्री सारख्या असतील तर जिथून आत शिराल त्याचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. विमा घेताना डोंगरातल्या हेलिकॉप्टर बचावाचा खर्च त्यात आहे का, ते वाचून घ्या.

शाकाहारी माणसाचं कसं होतं?

बरं होतं. रोश्टी (किसलेल्या बटाट्याची धिरड्यासारखी परतलेली पोळी), पालकाचे क्नोडेल (उकडलेले गोळे), चीज घातलेले श्पेत्सलं (छोटे नूडल्स), कायझरश्मार्न (गोड पॅनकेकचे तुकडे). ऑर्डर देताना बेकन नको असं स्पष्ट सांगा, रोश्टीत ते सर्रास असतं. कडक शाकाहारींनी लक्षात ठेवावं की पारंपरिक चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध घट्ट करण्यासाठी वापरलेलं वासराच्या जठरातलं द्रव्य) असतं. खेड्यात दुपारी दोननंतर स्वयंपाकघरं बंद होतात आणि रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारी संध्याकाळीच ब्रेड, दही, फळं आणून ठेवा.

सकाळी उठलो आणि सगळीकडे ढग. काय करायचं?

तिकीट काढण्याआधी वरच्या स्टेशनचा वेबकॅम बघा. जवळजवळ प्रत्येक केबलकार कंपनीच्या साइटवर तो असतो. शरद ऋतूत खाली दाट धुकं आणि वर लख्ख ऊन असं अनेकदा होतं, तेव्हा लगेच वर जा, खाली ढगांचा समुद्र दिसेल. वरचा कॅमेराही पांढरा असेल तर त्या दिवशी वर जाऊ नका, मग तिकीट कितीही सवलतीत मिळत असो. घळी, धबधबे, मिठाच्या खाणी, तळ्यावरची बोट यांतलं एखादं करा. तारीख ठरवून आधीच काढलेलं तिकीट बदलून मिळतं का, हे काढतानाच विचारा. न बदलणारं तिकीट डोंगरासाठी काढूच नका.